साखरेची आडवाट

पंचवटी, नाशिक
१८ जानेवारी १९७८

ती. यशोदाअक्का,

बाई परवा मनमाडहून परत आल्या. तुम्ही धड जेवत नाही, सोमाचं दप्तर खुंटीवरून कुणाला काढू देत नाही, एवढंच त्यांच्याकडून कळलं. जास्त विचारलं तर तोंड फिरवतात. आम्हा सासूसुनेचं कधी वाकडं नव्हतं, पण दिवाळीत सोमा गेल्यापासून बाई माझ्याशीही तोडूनच बोलतात. त्यांच्या मुलाची मी बायको, म्हणून असेल.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही तुमच्या भावाला विचारलंत, "रंगा, तुझ्या हातानं चारलंस ना माझ्या लेकराला?" यांनी मान हलवून हो म्हटलं. तुम्ही वळलात आणि दाजींच्या मागून निघून गेलात. पण तुम्ही मनमाडहून पोचायच्या आधी काय झालं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही. आई म्हणून ते कळायला हवं, म्हणून लिहिते.

सुट्टीत आला तेव्हा सोमा खुशीत होता. हे मलेरिया खात्याच्या कामावर निघाले की हाही मागे मागे गल्लीभर. हे ताप आलेल्या माणसाच्या बोटाचं रक्त काचेवर घेत, आणि कुणी पोर रडायला लागलं की सोमा पुढे होऊन सांगायचा, "काय नाय होत, मुंगी चावल्यावानी लागतं." मग त्यालाच थंडी वाजून ताप भरला. बोट त्यानं आपणहून पुढे केलं. मलेरिया निघाला. पहिल्या गोळ्यांनी ताप उतरला. त्यानंतर पाच दिवस दुसऱ्या गोळ्या द्यायच्या असतात, ताप उलटू नये म्हणून. त्या यांनी वयाच्या मानानं, शिकवल्या होत्या तशाच दिल्या. दोन दिवस गेले आणि सकाळी सोमानं मोरीतून हाक मारली, "मामी, हे बघ काय झालं." लघवी कोऱ्या चहासारखी काळी होती. डोळे पिवळे. दुपारपर्यंत ओठ पांढरे पडले, बसल्या जागी धाप लागायला लागली. हे त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी रक्त चढवलं. कावीळ म्हणाले, मग मलेरियाच विकोपाला गेला म्हणाले. त्यांनाही नक्की सांगता आलं नाही.

त्याच डब्यातल्या गोळ्या गल्लीतल्या कितीतरी जणांनी घेतल्या. शेजारच्या बयाबाईंची नात सोमाच्याच वयाची, ती खडखडीत बरी आहे. डबा तपासायला नेला होता. गोळ्या चांगल्या निघाल्या. मग आमच्याच पोराला काय झालं, हे मला समजत नाही.

हे बरे आहेत. कामावर जातात.

तुमची
लता


नाशिक
१० ऑगस्ट १९७९

ती. अक्का,

तुम्हाला मुलगा झाला, भागवत नाव ठेवलं, हे बाईंनी आल्या आल्या बयाबाईंना सांगितलं. मी चुलीशी होते. मला ऐकू यावं म्हणूनच मोठ्यानं म्हणाल्या असतील. मी बाळासाठी कुंची शिवली होती. पुढच्या खेपेला न्या म्हटलं, तर बाईंनी ती पिशवीतून काढून कॉटवर ठेवली. "त्या घरातलं तिला काही नको." अक्का, त्या स्वतः याच घरात राहतात. मी कुंची घडी घालून ट्रंकेत ठेवली.

माझी पत्रं परत येत नाहीत, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचत असतील एवढंच धरून चालते. मागच्या वेळी हे बरे आहेत म्हणून लिहिलं होतं. ते तसं नाही. सोमा गेल्यावर हे एकदाच कामावर गेले. एका घरी तापलेली पोर होती. तिचं बोट हातात धरलं आणि यांना सुई टोचताच येईना. पोरीची आईच म्हणाली, भाऊ, तुम्ही घरी जा. यांनी काचा, सुया, गोळ्यांचा डबा ऑफिसात नेऊन ठेवला आणि नोकरी सोडली. आता सकाळच्या एस.टी.नं विंचूरला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे जातात. कांदा निवडायचा, गोण्या भरायच्या.

बाई यांच्या हातचं पाणी घेत नाहीत. हे नळावरून हंडा भरून आणतात, तर मी दुसरा भरून आणेपर्यंत बाई तहानलेल्या बसून राहतात. हे ते बघतात, पायात चपला घालतात आणि बाहेर जातात. कधी कधी मला वाटतं, भांडावं यांनी.

आम्हाला मूल नाही. गल्लीतल्या बायका मला वाटेल ते विचारतात. हेच नको म्हणतात. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही.

भागवतला जपा.

लता


पोस्टकार्ड
नाशिक, ३ जून १९८१

श्री. वाल्मीकराव दाजी आणि सौ. यशोदाअक्का यांस,

हे कार्ड मुद्दाम उघडं पाठवते आहे. अक्कांनी वाचलं नाही तर दाजींनी वाचावं, दाजी ड्यूटीवर असतील तर शेजाऱ्यांनी वाचून दाखवावं. भागवतला ताप आला तर मलेरियाच्या पहिल्या गोळ्या डॉक्टरांना विचारून द्या, पण नंतरच्या पाच दिवसांच्या गोळ्या कुणी दिल्या तरी देऊ नका. त्या चांगल्या आहेत, पण त्याला चालणार नाहीत. कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवत असाल तर आजच काढून टाका, त्याच्या अंगाला तो वास लागू देऊ नका. लघवी काळी दिसली तर क्षणभर न थांबता मोठ्या दवाखान्यात न्या. सविस्तर पत्र मागाहून पाठवते.

लता


नाशिक
११ जून १९८१

ती. अक्का,

कार्ड मिळालं असेल. वहिनीचं डोकं फिरलं असं वाटलं असेल, तर हे पत्र पुरतं वाचा.

मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते हे तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात आम्हा शिक्षकांचं पुण्याला शिबिर होतं. एक दिवस वैद्यकीय कॉलेजातल्या डॉक्टरबाई शिकवायला आल्या. विषय होता, पेशी साखरेचं काय करते. जेवणातली साखर रक्तातून पेशीत शिरली की तिच्यापुढे दोन वाटा असतात. मोठ्या वाटेनं गेलेली साखर जळते आणि अंगात बळ येतं. पण थोडी साखर एका आडवाटेला वळते. तिथे ती जळून जात नाही. तिच्यापासून नवीन पेशी बांधायचं सामान तयार होतं. पेशींना वाढायचं असलं की ही वाट फार लागते. पोटातलं बाळ, वाढतं पोर, भरून येणारी जखम, सगळ्यांना. मोठी वाट मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. आडवाट आमच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपलेली आहे.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढत नाहीत, तरी त्यांनाही ही आडवाट लागते, कारण विषारी पदार्थांपासून बचाव करायची ताकद त्यांना तिथूनच मिळते. काही माणसांत त्या वाटेचं फाटक जन्मतःच नीट उघडत नाही. मूल खातं, खेळतं, कुणालाच काही कळत नाही. पण ठरावीक औषधं पोटात गेली की त्या पेशी टिकत नाहीत, भराभर फुटतात. त्या औषधांत त्यांनी मलेरियाच्या पाच दिवसांच्या गोळ्यांचं नाव घेतलं. दोन-तीन दिवसांत लघवी काळी होते, म्हणाल्या, डोळे पिवळे होतात, माणूस पांढरा पडतो.

मी उभी राहिले. म्हटलं, आमच्या पोराचं असंच झालं होतं. डॉक्टरबाईंनी वर्ग संपल्यावर मला आपल्या खोलीत नेलं, पाणी दिलं. मी सोमाचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, गेलेल्या मुलाचं रक्त आता तपासता येणार नाही, पण ऐकून तरी मला तेच वाटतं. त्याचा भाऊ असेल तर त्याचं तपासून घ्या. मुंबईला होतं. एक चिठ्ठीही दिली, ती सोबत आहे.

अक्का, गोळ्या खराब नव्हत्या. जास्त झाल्या नव्हत्या. घरोघरच्या पोरांना त्यांनी बरं केलं. आपल्या सोमाला त्या चालणाऱ्या नव्हत्या आणि हे आपल्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे फाटक काही जणांचं असं का असतं, ते सांगणं अवघड आहे. असतं कुणाकुणाचं. तुम्ही भागवतचं रक्त तपासा, बाकी कशात जाऊ नका.

लता


नाशिक
१४ ऑक्टोबर १९८२

ती. अक्का,

काल दाजी येऊन गेले. नाशिकरोडला रेल्वेच्या कामानं आले होते म्हणाले. पण नाशिकरोडहून पंचवटीत कुणी सहज येत नाही.

त्यांनी सांगितलं ते ऐकून मी पदर तोंडाला लावून रडले. भागवतला श्रावणात ताप आला, मलेरिया निघाला, नवीन आलेला कर्मचारी पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन दारात उभा राहिला आणि तुम्ही पोराला पाठीशी घालून त्याला म्हणालात, "ह्या त्याला चालत नाय. माझ्या वहिनीनं लिवलंय." म्हणजे अक्का, तुम्ही पत्रं वाचता. इतकी वर्षं मी पत्रं विहिरीत टाकते आहे असं मला वाटत होतं.

मुंबईला तपासणी झाली, भागवतमध्ये तो दोष निघाला, हेही कळलं. निघाला म्हणून वाईट वाटलं, आणि वेळेवर निघाला म्हणून हायसं वाटलं. आता तो वाढेल. फक्त सांभाळायला हवं.

तुमचा भाऊ दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. दाजींना म्हणाला, "पोरगा बरा आहे ना? मग झालं." आणि आत गेला. दाजी निघताना मी विचारलं, मुंबईच्या डॉक्टरांनी आणखी काय सांगितलं? ते चपला शोधत राहिले. चपला समोरच होत्या. मग म्हणाले, "ती फार बोलत नाही आजकाल." एवढंच.

अक्का, एकदा या. तुम्ही काही बोलू नका, हेही बोलणार नाहीत. नुसत्या या.

लता


नाशिक
२४ फेब्रुवारी १९८४

ती. अक्का,

बाईंच्या दहाव्याला तुम्ही गंगेवर आलात. बायकांत बसलात, पिंडाला नमस्कार केलात आणि दुपारच्या गाडीनं परत गेलात. माझ्याशी दोन शब्द बोललात. भावाकडे पाहिलंतही नाही, निदान मला तसं वाटलं. म्हणून आज मी यांना दिलेला शब्द मोडते आहे.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी तुम्हाला लिहिली नाही. हा दोष मुलाला आईकडून येतो. आईला स्वतःला सहसा काही होत नाही, तिला कळतही नाही. तिच्या काही मुलांत येतो, काहींत येत नाही. तुमचा भाऊ नोकरीच्या सुरुवातीला मलेरियानं आजारी होता, त्याच गोळ्या त्यानं घेतल्या आणि बरा झाला. त्याच्या वाट्याला तो आला नाही. तुमच्याकडून सोमाकडे गेला. तुमच्याकडे बाईंकडून आला असणार.

मी शिबिराहून आले त्या दिवशीच यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हे आता सुटतील. साडेतीन वर्षं ज्यानं माणूस आतून पोखरला, ते ओझं उतरेल. हे विंचूरहून आले होते, हातपाय धुऊन उंबऱ्याशी बसले होते. ऐकलं. मग एकच विचारलं.

"म्हणजे बाईकडून अक्काकडे, अक्काकडून सोमाकडे?"

मी हो म्हटलं.

"मग अक्काला एवढंच लिही, भागवतला गोळी द्यायची नाही. कुठून आलं ते लिहायचं नाही."

मी म्हटलं, मग दोष तुमच्यावरच राहील.

"राहू दे. मला सवय झाली आहे. तिला नवीन कशाला?"

मी बाईंचं विचारलं. त्यांना तरी सांगू या, एका घरात राहून त्या तुमच्या हातचं पाणी घेत नाहीत. तर म्हणाले, "तिला तर मुळीच नाही. नातवाला मी मारलं म्हणून मला बोलते, त्यावर तिचा दिवस निघतो. आपल्याच रक्तातून गेलं कळल्यावर कशावर काढील?"

अक्का, मी भांडले यांच्याशी. हे कुणाच्या रक्ताचं पाप नाही, डोळ्यांचा रंग येतो तसं येतं, असं सांगितलं. हे म्हणाले, "ते तुला आणि मला समजतं." मी शब्द दिला. तेव्हा त्यात काहीतरी मोठं आहे असं वाटलं होतं. आता वाटत नाही. बाईंचे शेवटचे दिवस मी पाहिले आहेत.

त्या पंधरवडाभर झोपून होत्या. यांनी विंचूरचं काम बंद केलं. अंग पुसायचं, कूस बदलायची, सगळं हेच करत. बाई डोळे मिटून करून घेत. पण खाणंपिणं माझ्याच हातून. शेवटच्या दिवशी, दुपारची वेळ होती, बयाबाई उशाशी बसल्या होत्या. घशाला कोरड पडलेली. हे गंगेचं पाणी चमच्यात घेऊन पुढे झाले, "बाई, मी रंगा." बाईंनी डोळे उघडले. ओळखलं त्यांनी, मी शपथेवर सांगेन. ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. म्हणाल्या, "लता, तू दे."

यांनी चमचा माझ्या हातात दिला. पाणी सांडू दिलं नाही. मी दिलं ते बाईंनी घेतलं. संध्याकाळच्या आत त्या गेल्या.

मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटत होतं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. मी सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, माझं मलाच ठरवता येत नाही. अग्नी यांनी दिला, सगळं रीतसर केलं. आल्यावर मला म्हणाले, "चला, तिला कळलं नाही." जणू काही एक काम पार पडलं.

आता बाई नाहीत. ज्यांच्यासाठी लपवायचं होतं त्यांतल्या तुम्ही एकट्या उरलात. तुमच्या मनाला हे फार लागेल, ठाऊक आहे मला. पण हा माणूस तुमचं आणि बाईंचं दोघींचं ओढून घेऊन बसला आहे आणि तो वाळत चालला आहे. मला रागवा, पण त्याला रागवू नका.

लता


मनमाड
४ मार्च १९८४

लता,

तुझं पत्र पोचलं. मला लिवायची सवय नाय, चौथीपतूर शिकले. तू मास्तरीन हायस, चुका काढू नको.

तू लिवलं ते मला ठाऊक हाय. मुंबईच्या डॉक्टरीनबाईनं तवाच सांगितलं. भागवतचं रक्त घेतलं आन म्हनली, आई, तुमचं बी द्या. मी म्हनलं माझं कशाला, मला काय झालंय. तर म्हनली, हे आईकडनं येतं. किती सादं बोलली ती. तिचा काय दोष नाय, तिला काय म्हाईत माझं येक गेलंय. भागवतच्या वडलांनी मला बाहेर बाकावर बसवलं. त्यांना मी तितंच सांगितलं, रंगाला कळू द्यायचं नाय.

तवापासनं मी हे घेऊन बसले. व्हरांड्यात मी त्याला सगळ्यांम्होरं बोलले. आदी राग व्हता म्हनून येत नव्हते. मुंबईनंतर लाज व्हती म्हनून आले नाय. तुम्हाला दोनी सारखंच दिसलं असंल.

बाईला मी पन सांगितलं नाय. ती हितं यायची, रंगाला शिव्या द्यायची, आन मी भाकरी थापत ऐकायची. येकदा तरी म्हनायचं व्हतं, बाई, पुरं कर. नाय म्हनले. म्हनले असते तर तिनं इचारलं असतं, का गं? मग काय सांगू? तिकडं तो तिला जपत व्हता, हिकडं मी. दोगांनी मिळून म्हातारीला त्याच्याशी तोंड वाकडं करूनच जाऊ दिलं. चमच्याचं तू लिवलं ते मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवलं नाय.

येक सांगते. मागल्या पावसाळ्यात बाई आली व्हती. जेवताना मधीच थांबली आन म्हनली, रंग्या लय वाळला, कांद्याच्या धुरळ्यात खोकतोय, लताला म्हनावं त्याला दूध दे. मी म्हनलं तूच सांग की. तर पुन्हा जेवाया लागली. हे त्याला बरं वाटावं म्हनून लिवत नाय. झालं तसं लिवते. त्याला सांग.

मी त्याच्याकडं पाह्यलं नाय असं तू लिवलं. पाह्यलं मी. डोकं भादरलेलं व्हतं, कानामागं गळवाचा वण दिसला. ते गळू झालं तवा तो चार वर्साचा व्हता, बाई शेतात जायची, मीच त्याला कडेवर घेऊन फिरायची, खाली ठेवलं की रडायचा. गंगेवर वाटलं उठून जावं आन तितं हात ठेवावा. बायका व्हत्या. पाय उचलला नाय.

तुला मूल नको म्हनतो तो, त्याला म्हनावं आता ते बास. त्याच्यात नाय ते, तर त्याच्या पोरात कुठनं येनार. आन आलं असतं तरी काय, माझा भागवत हाय की. झाडावर चढतो, मार खातो, वाढतो.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं येते. भागवतला संगती आनते. त्याला मामा हाय एवढं म्हाईत हाय, पन बाईच्या तोंडून शिव्यांतच ऐकलंय त्यानं. मामा कसा हाय ते त्याला कोनी सांगितलेलं नाय. गाडीत सांगते.

यशोदा